चेहरा वाटोळा

नौपाड्यातल्या एका टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात लग्नाचे बायोडाटे दोन तऱ्हांनी होतात. घाईतली माणसं मोबाइलवरून मजकूर पाठवतात आणि अर्ध्या तासात प्रिंट घेऊन जातात. बाकीचे वहीच्या पानावर लिहून आणतात आणि टाइप करणाऱ्या मुलीशेजारी स्टूल ओढून बसतात. परवा असेच एक आजोबा बसले होते. नातीचा बायोडाटा होता. गोत्र झालं, गण झाला, नाडी झाली, वर्ण गव्हाळ झाला आणि पुढं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, ‘चेहरा वाटोळा.’ कीबोर्डवरची बोटं थबकली. ‘आजोबा, वाटोळा?’ ‘हो, वाटोळा.’ ‘अहो, पण लग्नाचं आहे ना हे?’ ‘मग? लग्नाचंच आहे.’ मुलगी ओशाळली. ‘म्हणजे... वाटोळं म्हणजे... गोल लिहू का?’ ‘गोल लाडू असतो गं. चेहरा वाटोळा असतो.’ झेरॉक्सच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. शेवटी ‘गोलसर’वर तडजोड झाली. आजोबांनी कागद हातात घेऊन तो शब्द पुन्हा वाचला, ‘गोलसर म्हणजे धड गोलही नाही’ असं पुटपुटले आणि पैसे काढून दिले.

त्या मुलीचं काही चुकलं म्हणता येत नाही. तिच्या कानांवर हा शब्द आला असेल तो भांडणातून नाहीतर हळहळीतून. ‘पोराचं वाटोळं केलं’, ‘घराचं वाटोळं झालं’, आणि घोडबंदर रोडवर तासभर अडकलेल्या रिक्षावाल्याच्या तोंडून ‘ठाण्याचं पार वाटोळं केलंय’. चंद्र, तवा, मुद्रा, पगडी, डोळे या सगळ्यांना हेच विशेषण लागायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. पण आजोबांचा मुद्दा व्याकरणाच्या बाजूनं बिनतोड होता. नाश या अर्थाचा शब्द कायम नपुंसकलिंगी, एकवचनी नाम म्हणून येतो. वाटोळं होतं, वाटोळं करतात. कुणाचा वाटोळा होत नाही की कुणाची वाटोळी होत नाही. त्यामुळं पुल्लिंगी ‘वाटोळा चेहरा’ आणि स्त्रीलिंगी ‘वाटोळी टोपी’ खरं तर सुरक्षित होते. धोका होता तो ‘वाटोळं भांडं’, ‘वाटोळं तोंड’ अशा ठिकाणी, जिथं विशेषणाचं रूप आणि शापाचं रूप तंतोतंत एक होतं. बहुधा तिथूनच लोक बिचकायला लागले असावेत, आणि मग नपुंसकलिंगाची भीती इतर दोन लिंगांतही शिरली. आता वाटोळे डोळे कुणाचे नसतात. गोल असतात, टपोरे असतात, बटाट्यासारखेही असतात.

शब्दाचं कुळ मात्र उत्तम आहे. संस्कृतात वर्तुल, प्राकृतात वट्टुल, मराठीत वाटुळ, वाटोळा. या प्रवासातला प्रत्येक टप्पा मराठीच्या रोजच्या सवयीचा आहे. जोडाक्षर आधी दुहेरी होतं, मग एकेरी होतं आणि जाताजाता मागच्या स्वराला लांबवून जातं. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘ल’चा ‘ळ’ होतो, फलचं फळ आणि गलचा गळा झाला तसा. राहिला ‘त’चा ‘ट’. ‘र’च्या संगतीत ‘त’ अनेकदा जीभ मागं वळवून उच्चारला जाऊ लागला, पण नेहमी नाही, आणि इथंच मजा आहे. रस्ता या अर्थाच्या वर्त्मन्‌मधला ‘त’ वळला आणि आपली ‘वाट’ झाली. दिव्याच्या वर्तीमधला वळला नाही आणि ‘वात’ झाली. एकाच मृत्तिकेची मराठीत माती झाली आणि हिंदीत मिट्टी. नियम आहे, पण शब्दागणिक त्यानं वेगळी वाट धरली आहे. मग शेकडो वर्षांनी शाळेच्या भूमितीसाठी शब्द लागला, तेव्हा तोच वर्तुल संस्कृतातून नव्यानं आणून ‘वर्तुळ’ केला गेला. म्हणजे वर्तुळ आणि वाटोळं ही एकाच आईची दोन लेकरं. एक कंपासपेटीत बसलं आणि दुसरं शिव्याशापांत गेलं.

आईचं नाव वृत्. फिरणे, वळणे, आणि त्यावरून असणे, घडणे.

या धातूनं मराठीचं अर्धं घर भरलंय असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. वर्तन, वृत्ती, निवृत्ती, आवर्तन, परिवर्तन ही पुस्तकी मंडळी तर आहेतच. पण वर्तमान म्हणजे जे चालू आहे, फिरतं आहे ते. वृत्त म्हणजे घडून गेलेली गोष्ट, म्हणून बातमी. वृत्त म्हणजे कवितेचा छंद, कारण त्यात लघु-गुरूंचा तोच क्रम ओळीमागून ओळीत वळून येतो. आणि वृत्त म्हणजे वर्तुळही. दिवाळीच्या पहाटे अंगाला चोळतात ते उटणं हे उद्वर्तन. ज्याला अंगावर गोल गोल फिरवून मळ काढायचा असतो त्याला दुसरं नाव शोभलंही नसतं. लॅटिनमधला ‘व्हर्तेरे’, म्हणजे वळवणे, हाही याच मुळाचा. तेव्हा गोल आकाराचं हे नाव आकार बघून ठेवलेलं नाही. आधी काहीतरी फिरलं, आणि फिरून जे उरलं त्याला वर्तुल म्हटलं.

याचा सगळ्यात ठोस पुरावा संस्कृत कोशात वर्तुल या शब्दाच्या शेजारीच आहे. वर्तुल म्हणजे गोल, वर्तुल म्हणजे चेंडू, वर्तुल म्हणजे एक जातीचा वाटाणा, आणि स्त्रीलिंगी वर्तुला म्हणजे चातीच्या टोकाला तिच्या फिरण्याला मदत व्हावी म्हणून बसवलेला गोळा. चाती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: वीतभर किंवा त्याहून थोडी लहान काडी, वरच्या टोकाला सूत अडकवायला खाच किंवा आकडा, आणि खालच्या बाजूला पितळेची, लाकडाची नाहीतर खापराची चकती. एका हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळकटी, धरायचा, दुसऱ्या हातानं काडीला चुटकीसारखा झटका द्यायचा. काडी फिरते, पेळूतून निघणाऱ्या तंतूंना पीळ बसतो, हात वर जातो तसं सूत लांबत जातं. नुसती काडी फिरवली तर ती दोन-चार गिरक्यांत दमते. चकतीचं वजन मध्यापासून दूर, कडेला असतं, म्हणून एकदा मिळालेली गती ती सहजी सोडत नाही. चकतीचं भोक केसभर जरी बाजूला पडलं तरी चाती थरथरते आणि सूत कुठं जाड कुठं बारीक निघतं. चकती जड झाली तर आखूड धाग्याचा कापूस वजन पेलत नाही, तुटतो. हलकी झाली तर पीळ पुरेसा बसण्याआधीच फिरणं थांबतं आणि सूत हातात विस्कटतं. जानव्याचं सूत अजूनही काही घरांत असं काढतात. चार बोटांभोवती शहाण्णव वेढे भरतील एवढी लांबी, मग ते तिपदरी करून पीळ, मग पुन्हा तिपदरी, म्हणजे एकूण नऊ तंतू. जिथं चकतीचा गोलपणा बिघडला तिथं यातला प्रत्येक टप्पा बिघडतो. वर्तुला नाव कुणी ठेवलं असेल त्यानं चकतीकडं नुसतं पाहिलेलं नव्हतं, तिच्यावर सूत काढलेलं होतं असं मला वाटतं.

मग फिरण्यातून जन्मलेल्या या शब्दाचा अर्थ नाश कसा झाला? मला पटणारं उत्तर शून्याकडं जातं. मराठीनं शून्याला कायम गोल वस्तूंची किंवा भलतीच गोंडस नावं दिली आहेत. जुन्या हिशेबांत शून्याला ‘पूज्य’ म्हणत, आणि ‘त्याच्याकडं अक्कल पूज्य’ यात आदराचा लवलेशही नसे. परीक्षेत भोपळा मिळतो. मोठ्या आशेनं गेलेला माणूस हाती भोपळा घेऊन परततो. शिलकीच्या रकान्यात गोल काढला की संपलं. गोल म्हणजे काही नाही, हे समीकरण इतकं रुळलेलं असताना ‘घराचं वाटोळं केलं’ म्हणजे घराचा आकडा पुसून तिथं पूज्य मांडलं, असा अर्थ लागायला वेळ लागत नाही. आणि या शब्दाला नाशाच्या इतर शब्दांत स्वतःची जागा आहे, ती दुसरा कुणी घेऊ शकत नाही. खेळखंडोबा एखाद्या कार्यक्रमाचा होतो. बट्ट्याबोळ बेताचा होतो. धूळधाण सैन्याची होते. वाटोळं मात्र आयुष्याचं होतं, घराण्याचं होतं, गावाचं होतं. ते हळूहळू होतं आणि त्याला बहुतेक वेळा कुणीतरी घरचंच जबाबदार असतं. एवढं नेमकं काम करणारा शब्द नाशाकडं गेला याचं वाईट वाटावं की मराठीला असा शब्द मिळाला याचं बरं वाटावं, हे मला ठरवता आलेलं नाही.

स्वयंपाकघरात मात्र फिरणं आणि गोलाई यांचं नातं अजून तुटलेलं नाही. लाडू वळतात, वाती वळतात, मुटके वळतात. आणि भाकरी परातीत फिरते. भाकरी थापणाऱ्या बाईचा हात बघितला तर दिसतं की ती दाबते कमी आणि फिरवते जास्त. खाली कोरडं पीठ, त्यावर उंडा, बोटांची टोकं आतून कडेकडं, आणि प्रत्येक थापेसरशी भाकरी आपोआप थोडी सरकून फिरते. फिरणं थांबलं की एका बाजूला पान वाढतं आणि भाकरीचा भारताचा नकाशा होतो. पण खरी अडचण कडेची असते. सहा सेंटीमीटर व्यासाचा उंडा अठरा सेंटीमीटरची भाकरी होतो तेव्हा त्याची कड सुमारे एकोणीस सेंटीमीटरवरून साडेछपन्नवर जाते. म्हणजे कडेच्या पिठाला तिप्पट ताणावं लागतं. गव्हाच्या कणकेत चिकट प्रथिनाचं जाळं असतं, ते ताण सोसतं. ज्वारीत, बाजरीत, तांदळात ते जाळं नाही. म्हणून पीठ कढत पाण्यात भिजवतात. उष्णतेनं पिठातला काही स्टार्च फुगून चिकट होतो आणि तेवढ्यावर कड निभते. भिजवलेलं पीठ तळहातानं भरपूर मळलं नाही तर ती चिकटही सगळीकडं सारखी पसरत नाही. दळण जुनं झालं की बायका ‘विरी गेली’ म्हणतात. अशा पिठाची भाकरी मधे गुळगुळीत राहते आणि कडेला किल्ल्याच्या तटासारखी फुटते. थापणारीच्या हाताला दोष देण्याआधी दळणाची तारीख विचारावी.

‘गरगरीत’ हा शब्दही याच परातीतला. गरगर फिरणे यातला नाद घेऊन तो आकाराला लावला. गरगरीत भाकरी, गरगरीत डोळे, वाटोळं गरगरीत असा दुहेरी प्रयोगही होत असे. वाटोळा हरवला तरी गरगरीत अजून टिकून आहे. त्याला शापाचा वास लागला नाही, एवढंच त्याचं नशीब.

बाजारात गोलाईचं माप आणखी वेगळ्या रीतीनं जिवंत आहे. जांभळी नाक्याच्या बाजूला बांगड्या भरायला गेलं की कासार मनगटाकडं बघतच नाही. तो हाताचा पंजा चिमटून, अंगठा आत दुमडून, सांध्यांचा सगळ्यात रुंद भाग चाचपतो आणि ‘दोन-सहा’ म्हणतो. हे आकडे दशांश नाहीत, सोळांश आहेत. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन. दोन-सहा म्हणजे दोन इंच सहा सोळांश. दोन-आठ म्हणजे अडीच. माप आतल्या व्यासाचं. दोन-चार आणि दोन-सहा यांत फरक इंचाचा आठवा भाग, म्हणजे जुन्या सुताराच्या भाषेत एक सूत. तेवढ्यानं काचेची बांगडी एका हातात सुळकन जाते आणि दुसऱ्या हातावर तडकते. ऑनलाइन मागवताना लोक मनगटाचा घेर मोजून पाठवतात आणि मग बांगडी हातात शिरत नाही म्हणून तक्रार करतात. बांगडीला मनगटाशी काही देणंघेणं नसतं, तिला फक्त अंगठ्याच्या बुडाशी असलेला तो आडवा सांधा ओलांडायचा असतो. सोन्याच्या बांगडीला वापरून वापरून लंबगोलपणा येतो, तेव्हा सोनार ती निमुळत्या लोखंडी दांड्यावर चढवून लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत फिरवतो. इथंही पुन्हा फिरवणं आलंच. एकाच जागी ठोकली तर तिथं सपाट पडते.

सपाट पडण्याचा आवाज ठाणे-वाशी लोकलनं जाणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. ऐरोलीच्या पुढं गाडी वेग घेते आणि एखाद्या डब्याखालून ठक-ठक-ठक असा एकसारखा आवाज येऊ लागतो. रुळांच्या जोडाचा आवाज वेगळा असतो, तो डब्याच्या दोन्ही टोकांकडून जोडीनं येतो. हा आवाज एकाच चाकाचा असतो आणि गाडीच्या वेगाबरोबर त्याची लय बदलते. ब्रेक जरुरीपेक्षा जोरात बसला, किंवा पावसात रूळ ओले असताना लागला, की कधीकधी चाक फिरायचं थांबतं पण गाडी थांबत नाही. चाक रुळावर तसंच घसटत जातं आणि जिथं घासलं तिथं त्याला चपटा डाग पडतो. रेल्वेच्या प्रवासी डब्यांना असा चपटेपणा ५० मिलिमीटर लांबीपर्यंत चालतो. ऐकायला हे फार वाटतं. पण ९१५ मिलिमीटर व्यासाच्या चाकावर ५० मिलिमीटरचा चपटा भाग म्हणजे खोली काढली तर ०.७ मिलिमीटरच्या आत-बाहेर. नखाच्या जाडीहून थोडी जास्त. तेवढ्याशा उणेपणानं अख्खा डबा हादरतो, कारण चाकाच्या प्रत्येक फेरीत, म्हणजे सुमारे २.९ मीटरला एकदा, कित्येक टनांचं वजन त्या खाचेत आपटतं. ताशी ६० किलोमीटरला हे सेकंदाला जवळजवळ सहा वेळा होतं. शिवाय घासताना पोलाद तापून आणि लगेच थंड होऊन त्या जागी कडक, ठिसूळ कातडी तयार होते, तिचे पुढं टवके उडतात. मग चाक लेथवर घ्यायचं. लेथवर चाक स्वतः फिरतं आणि हत्यार स्थिर असतं. त्या एका डागापायी सगळ्या परिघावरून पोलाद उतरवायचं, आणि एकाच आसावरचं जोडीचं चाक निर्दोष असलं तरी तेही तेवढंच कातायचं, कारण दोन्हींचे व्यास सारखे राहिले पाहिजेत. फिरायचं थांबल्यामुळं बिघडलेला गोल पुन्हा फिरवूनच दुरुस्त होतो, आणि दर दुरुस्तीला चाक थोडं लहान होत जातं. ठरावीक व्यासाखाली गेलं की ते बाद.

आता एक खोच. चाक, भाकरी, बांगडी या सगळ्यांना आपण गोल म्हणतो, आणि लिंबाला, चेंडूला, पृथ्वीलाही गोल म्हणतो. शाळेच्या पुस्तकात वर्तुळ वेगळं आणि गोल वेगळा, पण शाळेबाहेर पडल्यावर गोल टेबल आणि गोल कलिंगड यांत कुणी फरक करत नाही. आजोबांनी ‘गोल लाडू असतो’ म्हटलं तेव्हा ते नकळत ही रेघ ओढत होते. ती रेघ जुनी आहे. आर्यभटानं सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात पृथ्वीचं वर्णन करताना ‘भूगोलः सर्वतो वृत्तः’ असं लिहिलं. नुसतं वृत्त म्हटलं असतं तर कुणी ताटलीसारखी पृथ्वी समजलं असतं, म्हणून ‘सर्वतो’, सगळीकडून, हा शब्द मुद्दाम घालावा लागला. वृत्, वर्तुल, वाटोळा या घराण्याची हीच मर्यादा आहे. फिरवलेल्या गोष्टीला एक अक्ष असतो, आणि त्या अक्षाच्या दिशेनं ती चपटी असू शकते. अक्षच नसलेल्या, कुठूनही बघा सारख्याच दिसणाऱ्या गोलाईसाठी संस्कृतानं दुसऱ्या घरातला शब्द घेतला. मंडल. आणि त्याला ‘परि’ जोडून परिमंडल.

मंडल आपल्याकडं उदंड आहे. ठाण्यात गल्लीगल्लीला मंडळ आहे, मंडळाचे अध्यक्ष आहेत, ‘मंडळी’ म्हणजे माणसं आहेत, आणि जुन्या पिढीत ‘आमची मंडळी’ म्हणजे बायकोही होती. परिमंडल मात्र अभावानं भेटतो, आणि त्याचं भाववाचक रूप ‘पारिमांडल्य’ तर न्याय या जुन्या तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडं फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. गोलपणासाठी याहून दुर्मीळ आणि याहून नेमका शब्द मला माहीत नाही. वैशेषिक दर्शनात, म्हणजे सृष्टी अणूंपासून झाली असं मानणाऱ्या जुन्या विचारपरंपरेत, कणादांचं सूत्र आहे, ‘नित्यं परिमण्डलम्’. अणूचं परिमाण, म्हणजे आकारमान, हे परिमंडल, आणि ते नित्य. अणूला अवयव नाहीत, म्हणून त्याला लांबी-रुंदी-जाडी असे भेद नाहीत, म्हणून तो कुठल्याच बाजूनं वेगळा नाही. हा गोल कुणी फिरवून केलेला नाही. तो तसा आहेच.

आणि त्याचा काही उपयोग नाही!

हे मी थट्टेनं म्हणत नाही, शास्त्रकारांनीच तसं ठरवून ठेवलं आहे. विश्वनाथ पंचानन या नैयायिकांची कारिका, म्हणजे सिद्धांत सांगणारा श्लोक, सांगते, ‘पारिमाण्डल्यभिन्नानां कारणत्वमुदाहृतम्’. पारिमांडल्य सोडून बाकी सगळं कशाचं ना कशाचं कारण होऊ शकतं. जगातल्या यच्चयावत पदार्थांमधून एकट्या अणूच्या गोलपणाला वगळलं. का, तर हिशेब असा. परिमाण नेहमी आपल्याच जातीचं, पण अधिक तीव्र परिमाण निर्माण करतं. मोठ्या कपच्या एकत्र आल्या की त्यांहून मोठी वस्तू होते. याच न्यायानं अणूच्या परिमाणानं द्व्यणुकाचं, म्हणजे दोन अणूंच्या जोडीचं, परिमाण घडवलं तर द्व्यणुक अणूहून मोठा व्हायच्या ऐवजी आणखी अणू, आणखी सूक्ष्म व्हायला हवा. मग सृष्टी कधी वाढायचीच नाही. म्हणून वैशेषिकांनी सांगितलं की द्व्यणुकाचं परिमाण अणूंच्या आकारातून येत नाही, ‘दोन’ या संख्येतून येतं. तीन द्व्यणुकांचा त्र्यणुक होतो, तोही संख्येमुळंच, आणि तो डोळ्यांना दिसतो. कवडशात नाचणारा धुळीचा कण त्यांनी त्र्यणुक म्हणून दाखवला. हिशेब बिनचूक, पण विरोधकाच्या हातात आयतं कोलीत मिळालं. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी हेच उचललं. तुमच्या अणूचा परिमंडलपणा त्याच्या कार्यात उतरत नाही हे तुम्हीच म्हणता, मग चेतन ब्रह्मापासून अचेतन जग झालं तर तुमची हरकत काय? कारणातला गुण कार्यात आलाच पाहिजे हा आग्रह तुम्हीच सोडलाय.

परिमंडलचा दुसरा वापर माणसाच्या अंगावरचा आहे, आणि तो बायोडाट्याच्या जास्त जवळचा. महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत एक आहे ‘न्यग्रोधपरिमंडल’, वडासारखा परिमंडल. वाचल्याबरोबर डोळ्यांपुढं ढेरपोट्या माणूस येतो, पण अर्थ नेमका उलट आहे. वडाचं झाड जेवढं उंच तेवढंच आडवं पसरतं, तसं ज्याची उंची आणि पसरलेल्या दोन्ही हातांमधलं अंतर सारखं तो न्यग्रोधपरिमंडल. बौद्धांच्या पाली ग्रंथांतलं वर्णन आणखी सरळ आहे: जेवढी काया तेवढा ब्याम, जेवढा ब्याम तेवढी काया. हा ब्याम म्हणजे संस्कृतातला व्याम, दोन्ही हात आडवे ताणल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं माप. आणि मराठीत तो आहेच. वाव. विहिरीचा दोर वावांत मोजत, आणि खाडीत जाळं टाकणारे कोळी पाण्याची खोली आणि दोराची लांबी अजूनही वावांत सांगतात.

वाव मोजायची रीत सोपी आहे, आणि चुकायचीही. दोराचं टोक डाव्या हातात, उजवा हात दोरावरून सरकवत पूर्ण ताणायचा, दोर छातीला टेकलेला आणि तंग. एक वाव. मग उजव्या हातातली जागा डाव्या हातात घ्यायची आणि पुन्हा. एका दोराला एकाच माणसानं मोजायचं, कारण पाच फुटी माणसाचा वाव आणि सहा फुटी माणसाचा वाव यांत जवळजवळ फुटाचा फरक असतो. दमल्यावर कोपर किंचित वाकतं, आणि दर वावाला चार बोटं कमी भरतात. चार बोटं म्हणजे तीन इंच. वीस वाव मोजले की साठ इंच, पाच फूट. माणूस वीस म्हणतो आणि दोर एकोणीस वावांच्या जरा वर भरतो, आणि ते कळतं नांगर तळाला टेकत नाही तेव्हा.